मृत्यूपासून मोजलेली वर्षे

साहित्यकृतीचे आयुष्य आणि तिच्यावरील स्वामित्वहक्काची मुदत यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्यासारख्या वाचकाला दोन ग्रंथांमुळे पडतो : मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' (१९५४) आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२).

ना. घ. २००० साली निवर्तले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता १ जानेवारी २०६१ रोजी सर्वांची होईल. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आले, तेव्हा ती वाढविण्यात आली. पाकिस्तानात ती आजही पन्नासच आहे. युरोपीय संघात सत्तर. परंतु तेथे परकीय लेखकाला त्याच्या देशातील मुदतीहून अधिक संरक्षण सहसा मिळत नाही. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या ग्रंथांची मुदत प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षे. त्यामुळे 'शीळ' तेथे २०५० च्या आरंभीच, भारताच्या अकरा वर्षे आधी, मुक्त होईल. 'खूणगाठी' (१९८५) मात्र २०७० अखेरपर्यंत बद्ध राहील. एकाच कवीच्या दोन संग्रहांत असा भेद कोणतीही समीक्षा करणार नाही.

जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात गायिलेल्या 'शीळ'च्या ध्वनिमुद्रणावरील हक्क तर केव्हाच संपला. त्यातील शब्दांवरचा अजून शिल्लक आहे.

कायदा लेखकाच्या मृत्यूपासून वर्षे मोजतो. ताराबाईंचे मृत्युवर्ष मात्र १९१० च्या सुमाराचे, एवढेच सांगितले जाते. ज्या समाजाने लेखिकेचा मृत्यू नीट नोंदला नाही, त्याने तिचा ग्रंथही दीर्घकाळ विस्मृतीत टाकला. तो पुन्हा वाचकांपुढे आला, तो १९७५ साली स. गं. मालशे यांनी संपादून प्रसिद्ध केला म्हणून. हक्काची मुदत संपल्याने पुनर्मुद्रणाची वाट मोकळी होते. त्या वाटेने जाणारा संपादक कायदा देऊ शकत नाही.

म्हणूनच २०६१ ची वाट पाहत राहणे मला पुरेसे वाटत नाही. ना. घं.च्या कवितांचे नियतकालिकांतील, संग्रहांतील आणि गायनातील पाठ ताडून पाहण्याचे काम, त्यांना ऐकलेली माणसे हयात आहेत तोवर, हक्कधारकांच्या संमतीने व्हावयास हवे. मुक्त झालेली कविता विश्वसनीय पाठासह पुढील पिढीच्या हाती पडावी, ही जबाबदारी आजच्या अभ्यासकांची आहे.