अर्जातला एक रकाना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाखेत ती खाती उघडते. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याआधी तिची नजर जाते हातांकडे. विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. तेंदूचं पान, कात्री, तंबाखू यांत वर्षानुवर्षं राबलेल्या बोटांच्या रेघा झिजून गेलेल्या असतात. यंत्रावर लाल दिवा लागतो, बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा लाल. "अक्का, अनामिका लावून बघा," ती म्हणते. रांगेतले लोक चुळबुळतात आणि बाई उगाचच ओशाळते, जणू आपलीच काही चूक झाली.

मग कागद. इथल्या तेलुगूभाषक पद्मशाली घरांत घराण्याचं नाव आधी येतं. ते एका कागदावर पूर्ण असतं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. विडी कार्डावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. जन्मतारीख 1 जानेवारी, कारण खरी कोणी लिहूनच ठेवली नव्हती. कागदांत फरक दिसला म्हणजे फसवणूक आहे असं होत नाही. हे पूर्व भागात बसणाऱ्याला कळलंच पाहिजे असं तिला वाटतं. ज्याला कळत नाही, तो बाईला तीनदा परत पाठवतो, आणि प्रत्येक खेपेला तिची दिवसभराची मजुरी बुडते.

पत्त्याचंही तसंच. 19 जानेवारी 2024 रोजी कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांच्या 15,000 घरांचं हस्तांतरण झालं. पूर्ण योजना 30,000 घरांची. त्याआधी तिथेच गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली होती. भाड्याच्या खोलीतून हक्काच्या घरात गेलेल्या माणसाचा आधारवरचा पत्ता जुनाच असतो. यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमांत वाट आहे. फक्त पत्ता बदलला असेल तर ग्राहकाचं स्वघोषणापत्र घ्यायचं आणि दोन महिन्यांच्या आत पत्र पाठवून किंवा जाऊन खात्री करायची. नियम माणसाच्या बाजूनं लिहिलेला आहे. तो शेवटपर्यंत वाचायला मात्र हवा.

आता त्याच अर्जातला दुसरा रकाना: 'आपण पीईपी आहात का? हो / नाही.' पीईपी म्हणजे राजकीय किंवा सार्वजनिक जीवनात मोठं पद असलेली किंवा पूर्वी असलेली व्यक्ती. अशा माणसाच्या हाती सरकारी पैसा आणि निर्णय असतात, म्हणून त्याच्या खात्याकडे जास्त काळजीनं बघायचं. नायजेरियाचा लष्करी हुकूमशहा सानी अबाचा 1998 साली मेला. त्यानं देशाबाहेर नेलेले पैसे युरोपातल्या बँकांत सापडू लागले, तेव्हा जगाला या प्रश्नाची खरी निकड पटली. पुढे एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं आपल्या शिफारशींत तो घातला, आणि 2012 साली देशांतर्गत पदाधिकाऱ्यांनाही त्यात घेतलं.

आपल्याकडची व्याख्या मात्र परदेशानं पद दिलेल्या व्यक्तीपुरतीच आहे. याचा अर्थ ती नव्या मुलांना एका उदाहरणानं सांगते. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान होते, त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. डिसेंबर 2019 मध्ये ते पदावर असताना गावी आले होते. समजा त्यांनी मालवणात खातं उघडलं असतं, तर ते पीईपी. वरिष्ठांची मंजुरी, पैशाचा उगम, सततची देखरेख, सगळं लागू. त्याच शाखेत त्याच दिवशी तिथल्या आमदारांनी खातं उघडलं असतं, तर व्याख्येप्रमाणे 'नाही'वर खूण. सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या मूल्यांकनात एफएटीएफनं या शिफारशीपुढे 'अंशतः पूर्तता' असा शेरा दिला.

तिचं म्हणणं इतकंच की व्याख्या अपुरी असली तरी हात बांधलेले नाहीत. ग्राहकाची जोखीम ठरवायची मोकळीक बँकेला आहे. कंपनी, भागीदारी किंवा ट्रस्ट असेल तर दहा टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे खरा लाभ कोणाचा, हे शोधायची तर सक्तीच आहे. साखर कारखाने, शिक्षणसंस्था, सूतगिरण्या आणि पतसंस्था यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही.

आणि तरी तो विचारला जात नाही. पांढरी गाडी दाराशी थांबते, 'मालक आले' असा निरोप आत जातो, अर्ज केबिनमध्ये नेला जातो, रकाने आधीच भरलेले असतात. नोकरीच्या सुरुवातीला तिनंही असाच एका संस्थेचा अर्ज पुढे सरकवला होता. निधी कुठून येणार, या ओळीवर 'देणग्या' एवढा एकच शब्द होता. दोन वर्षांनी चौकशीचं पत्र आलं, तेव्हा त्या फायलीत दाखवण्यासारखं काही नव्हतं, खाली तिची सही मात्र होती. त्या सहीची आठवण तिला आजही टोचते. तेव्हा तिला भीती वाटली होती असंही नाही. विचारणं म्हणजे अपमान करणं, असं तिला वाटलं होतं.

आता ती अर्ज घेऊन स्वतः केबिनमध्ये जाते. "साहेब, हे मी प्रत्येकाला विचारते," असं म्हणून वाचायला लागते. बहुतेक जण शांतपणे उत्तर देतात. खरा त्रास पुष्कळदा मालकांना होतच नाही, तो होतो बरोबर आलेल्या माणसांना. आणि हे एकदाच करून भागत नाही, कारण माणूस तोच राहतो, पद बदलतं. सुशीलकुमार शिंदे याच शहरात न्यायालयात पट्टेवाले होते, नंतर पोलीस उपनिरीक्षक, मुख्यमंत्री, राज्यपाल, देशाचे गृहमंत्री. सोलापूरकरांना या प्रवासाचा अभिमान आहे, तिलाही आहे. बँकेच्या फायलीनं अशा प्रवासाबरोबर चालायला हवं, एवढंच ती त्यातून घेते. म्हणूनच जास्त जोखमीच्या खात्याची केवायसी दर दोन वर्षांनी नव्यानं करायची असते, मध्यम जोखमीची आठ आणि कमी जोखमीची दहा वर्षांनी.

अक्काची अनामिका चौथ्या खेपेला उमटली. मग तिनं पीईपीचा प्रश्न अक्कालाही वाचून दाखवला, सोप्या शब्दांत: "घरात कोणी मोठ्या पदावर आहे का?" अक्कानं थोडा विचार केला, मग मान हलवली. "परत कधी यायचं?" तिनं विचारलं.

"दहा वर्षांनी. मध्ये घर बदललंत तर लगेच सांगायचं."

"आता कुठं बदलायचं," अक्का म्हणाली, "स्वतःचं आहे."

रकान्यात तिनं रे नगरचा घर क्रमांक लिहिला, आणि बरोबर आहे ना म्हणून अक्काला एकदा वाचून दाखवला.