खालच्या माणसाची लिफ्ट

‘डूम’ हा १९९३ सालचा संगणकीय खेळ हिंसक आहे; परंतु त्याचे नकाशे स्वतः रचणे ही निराळी, शांत विद्या आहे. माझ्या मुलाने अशा एका नकाशात लिफ्ट उभारली. जमिनीचा एक तुकडा वेगळा आखून त्याला क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक वरच्या मजल्यावरील एका रेषेला द्यायचा व तिला लिफ्टची क्रिया जोडायची. रेषा ओलांडताच फरशी खाली उतरते, ३ सेकंद थांबते आणि पुन्हा वर जाते. वर जाताना कोणी छताशी अडकल्यास त्याला न चिरडता ती माघारी येते.

मातोश्रींनी हे सारे पाहिले व नातवाला विचारले, “खाली राहिलेल्यानं ती बोलवायची कशी रे?” हा प्रश्न त्यांना सुचण्यास कारण होते. आमच्या जुन्या इमारतीत वरती कोणी जाळीचे दार उघडे टाकले की लिफ्ट हलत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्या भाजीची पिशवी धरून तळाशी तिष्ठत राहतात.

मुलाने लिफ्टच्या खालून दिसणाऱ्या कडेलाही तोच क्रमांक दिला आणि कळ दाबताच चालणारी ६२ क्रमांकाची क्रिया तिला जोडली. तेव्हापासून तो प्रत्येक नकाशा आधी तळाशी उभा राहून तपासतो.