पाळीची पाटी

शनिवारी सकाळी स्टुटगार्टमधल्या एखाद्या जुन्या चारमजली इमारतीत शिरले, की जिन्यात ओल्या लाकडाचा आणि साबणाचा वास येतो. कुणीतरी वरच्या मजल्यावरून एकेक पायरी पुसत खाली येत असते. पुसणारी व्यक्ती मोलकरीण नसते. ती शाळेतली शिक्षिका असते, बँकेतला अधिकारी असतो, कधी कधी चांगला नावाजलेला डॉक्टरही असतो. त्यांच्या दाराच्या मुठीला एक छोटी पाटी टांगलेली असते. तिच्यावर एकच शब्द: केअरवोखे. म्हणजे झाडण्याचा आठवडा. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना त्याचा. रविवार उजाडण्याआधी काम उरकायचे आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची.

स्टुटगार्ट हे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या राजधानीचे शहर. वस्ती सहा लाखांच्या आसपास. चहूबाजूंनी टेकड्या, मध्ये खोलगट वाटीत वसलेले गाव आणि टेकड्यांच्या उतारांवर थेट शहराच्या आत आलेले द्राक्षांचे मळे. या मळ्यांतून खाली उतरणारे दगडी जिने चारशेहून अधिक आहेत. मर्सिडीज, पोर्श आणि बॉश यांचे हे माहेरघर. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली आपली कार्यशाळा येथेच काढली. भारताशी या शहराचे नाते जुने आहे. १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझशी सहकार्य करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६८ पासून मुंबई हे स्टुटगार्टचे भगिनी-शहर आहे. १९९४ मध्ये मर्सिडीजने पुण्यात बस्तान बसवले, तेव्हापासून पुण्याच्या घरांत स्टुटगार्ट हे नाव नाशिक-नगरसारखे सहज घेतले जाऊ लागले.

कंपनीच्या कामासाठी दोन वर्षे म्हणून आलेली मराठी कुटुंबे येथे आहेत, आणि दोनाची दहा वर्षे झालेलीही आहेत. नवऱ्याचे ऑफिस इंग्रजीवर भागते. मुले सहा महिन्यांत जर्मन बोलू लागतात. खरी परीक्षा होते ती घर सांभाळणाऱ्या बाईची. तिची या शहराशी पहिली गाठ पडते ती बहुधा त्या पाटीमार्फत.

भाड्याच्या करारासोबत घराचे नियम लिहिलेला कागद मिळतो. त्यात झाडण्याचे आठवडे दोन प्रकारचे असतात. लहान आठवड्यात आपल्या मजल्यासमोरचा भाग आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. मोठा आठवडा मात्र सगळ्या इमारतीच्या वतीने: तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा, अंगण आणि दारासमोरचा फुटपाथसुद्धा. हिवाळ्यात बर्फ पडला, तर सकाळी लोक कामाला निघण्याआधी फावड्याने वाट मोकळी करायची. ती केली नाही आणि कुणी घसरून पडले, तर नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते.

ही प्रथा काही आजकालची नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस काउंट एबरहार्ड याने स्टुटगार्टच्या लोकांना दारापुढची घाण स्वतः बाहेर नेऊन टाकण्याचा हुकूम काढला होता. १७१४ मध्ये गल्ल्यांच्या सफाईचे नियम आले. रस्ते झाडण्याची ही सक्ती नगरपालिकेने उठवली ती १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध सेनापती रोमेलचा हा मुलगा. गंमत म्हणजे कायदा गेला तरी पाटी गेली नाही. घरमालकांनी तिला भाडेकरारात जागा देऊन ठेवली.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरातून आलेल्या माणसाला या पाटीचा जो धसका बसतो, त्याचे कारण कष्ट नव्हे. जिना पुसायला अर्धा तास पुरतो. कारण वेगळेच असते. घरातली केरसुणी हातात घेणे ठीक. लक्ष्मीपूजनाला आपण तिची पूजाही करतो. पण उंबरठ्याबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, दुसऱ्यांच्या बुटांची माती काढायची? पुण्या-मुंबईच्या सोसायटीत जिना झाडायला कोण येते, ते कुठे राहतात, त्यांना आपण कोणत्या कपातून चहा देतो, हे प्रश्न तिथे कधी पडलेले नसतात. स्टुटगार्टच्या तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यांवर बसून कठड्याचे गज पुसताना ते पडतात. काही जणी भारतातल्या आईला फोनवर हे सांगतच नाहीत. ‘इंजिनिअरची बायको आणि जिने पुसते?’ हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असते.

आणि कामात कसर राहिली तर? कुणी भांडायला येत नाही. दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली मिळते. सभ्य भाषेत, तारीख घालून, खाली पूर्ण नाव: या शनिवारी आपण जिना पुसल्याचे दिसले नाही. नव्याने आलेल्या माणसाला ती चिठ्ठी अपमानासारखी लागते. आपण परके म्हणून हे आपल्याच वाट्याला, असेही वाटते. कधी ते खरेही असते. शेजाऱ्यांवर डोळा ठेवण्यातच धन्यता मानणारे लोक येथेही आहेत. पण बहुतेक वेळा तशीच चिठ्ठी दुसऱ्या मजल्यावरच्या जर्मन कुटुंबालाही मिळून गेलेली असते.

हळूहळू इतर नियमही अंगवळणी पडतात. घराला नंबर नसतो. घंटेवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावले नाही, तर पोस्टमन पत्र परत नेतो. रात्री दहानंतर शांतता. रविवारी दुकाने बंद, घरात भिंतीला भोक पाडायचे नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्याही रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. रविवारची ही विश्रांती जर्मनीच्या राज्यघटनेत लिहिलेली आहे. दूध संपल्याचे रविवारी लक्षात आले, तर रेल्वे स्टेशनवरचे दुकान गाठायचे. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती यंत्रात बाटली घालून परत मिळवायची. दिवसातून दोनदा, बाहेर कडाक्याची थंडी असली तरी, खिडक्या सताड उघडून हवा बदलायची. नाहीतर भिंतींना बुरशी धरते आणि घरमालक जाब विचारतो. हिंग-मोहरीची फोडणी देणाऱ्या घराला हा नियम तर वरदानच म्हणायचा!

जड जाते ते माणसांमधले अंतर. जिन्यात भेटल्यावर ‘ग्र्युस गॉट’ म्हणण्याची रीत आहे, अर्थ साधारण आपल्या ‘रामराम’सारखा. न म्हणणे हा उद्धटपणा. पण त्यापुढे गप्पा जातीलच असे नाही. भाषेत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखेच ‘डू’ आणि ‘झी’ आहेत, आणि वीस वर्षे एकाच मजल्यावर राहूनही ‘झी’वरच थांबलेली माणसे आहेत. ‘तू’ म्हणण्याचा प्रस्ताव वयाने मोठ्याने मांडायचा असतो. न कळवता कुणाकडे जायचे नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत, तो अपशकुन; आणि ऑफिसात केक आणायचा तो ज्याचा वाढदिवस त्यानेच. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो. नवरा ऑफिसात, मुले शाळेत, रस्ता ओला आणि रिकामा. अशा दिवसांत कितीतरी जणींना परतीच्या तिकिटाचे वेध लागतात.

या अंतरात दोन ठिकाणी फट सापडते. एक म्हणजे जेवण. या भागातल्या श्वाबी लोकांचे लाडके घरगुती जेवण म्हणजे शिजवलेली मसूर आणि त्यात श्पेत्सले नावाचे कणकेचे छोटे तुकडे, वरून थोडे व्हिनेगर. पाहताक्षणी आपल्या चकोल्या आठवाव्यात, आंबटपणाही आमसुलाच्या जागी आलेला! सोबत सॉसेज देतात, ते नको असे शाकाहाऱ्यांनी आधीच सांगावे.

दुसरे ठिकाण द्राक्षमळ्यांत आहे. वर्षातले जास्तीत जास्त चार महिने मळेवाल्यांना आपल्या घरात किंवा कोठारात स्वतःची वाइन विकायची परवानगी असते, आणि घर उघडे आहे याची खूण म्हणून दाराबाहेर एक खराटा टांगतात. हो, झाडूच! आत लांबच लांब बाकांवर अनोळखी माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. एरवी तीन मजले दूर राहणारा माणूस येथे आपली ताटली सरकवून जागा करून देतो. वाइन न पिणाऱ्याला द्राक्षाचा रस मिळतो, त्यावर कुणी भुवई उंचावत नाही.

अलीकडे पुष्कळ इमारतींनी जिन्याचे काम सफाई कंपन्यांकडे दिले आहे. खर्च भाड्याबरोबर वसूल होतो, आणि काम करायला येतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या देशांतून आलेले कामगार. मराठी कुटुंबांपैकी काहींना त्याने हायसे वाटते. काही जणींना मात्र वाटत नाही. जिना स्वच्छ असतो, पण शनिवारी जिन्यात कुणी भेटत नाही, अशी त्यांची तक्रार.

जिथे पाटी अजून फिरते, तिथे उन्हाळ्याच्या सुटीत भारतात जाण्यापूर्वी एक काम चुकत नाही. समोरच्या दाराची घंटा वाजवायची आणि पाळी बदलून मागायची. समोरची आजी कॅलेंडर आणते, चष्मा लावते, दोन आठवड्यांवर खूण करते. मग पत्रपेटीची किल्ली तिच्याकडे राहते, खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीला किती पाणी घालायचे हेही ती विचारून घेते. महिन्याने मंडळी बॅगा ओढत तिसऱ्या मजल्यावर येतात. पत्रे नीट रचून ठेवलेली, तुळस हिरवीगार, आणि दाराच्या मुठीला पाटी.