घाईचा रंग

अमळनेर तालुक्यातले आमचे धाब्याचे घर पाडून विटांचे बांधले. लेक आखाजीला माहेरी येणार, म्हणून ओल्या गिलाव्यावरच तैलरंग दिला. राखीला ती पुन्हा आली, तर निंबाचे नवे दार फुगून बसलेले. पोर पावसात भिजत उभी! आत भिंतींना फोड आलेले. आई म्हणाली, "बापू, गिलाव्यातलं पाणी जाईल कुठून?"

दिवाळीनंतर रंग पार खरवडला. उन्हाळाभर भिंती सुकू दिल्या, मग चुन्याचे दोन पातळ हात दिले. दाराला रंधा मारून, वरखालच्या कडांनाही जवसाचे तेल चोळून मुरवले. तेलाच्या चिंध्या मात्र बाहेर पसरून वाळवा. ढीग केला तर आपोआप पेट घेतात.

यंदा राखीला लेकीने एका बोटाने दार लोटले.