मुका हॉर्न

आमच्या जुन्या गाडीत सगळंच वाजतं. परवा नेमका हॉर्न वाजेना! बोळात चेंडूमागं पोर आडवं आलं, मी बटण दाबलं, तर चिडीचूप. ब्रेकनं लाज राखली. पण रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी शेजारच्या अण्णांनी फ्यूज पाहिला. शाबूत! मग बॅटरीवरून दोन तारा थेट हॉर्नला जोडल्या. तो असा बोंबलला, की सौ. गॅलरीत! म्हणजे हॉर्न निर्दोष. गंजली होती अर्थची तार. गेलेला करंट परतच येत नव्हता. थेट आमच्या बँकेची कर्जखाती! पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट आवळला, वाजला.

सौ. म्हणाली, "साहेबांपुढं तुमचाही आवाज असाच बसतो. कुठली तार घासायची, तेवढं अण्णांना विचारा!"