पिठाचा कोंबडा आणि चॉकलेटची चाळ

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून चिराबाजाराकडे जाताना लागणाऱ्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सोलापूरकडून येऊन स्थिरावलेले एक दिगंबर जैन कुटुंब राहते. भुलेश्वरात कापडाचे दुकान. घरात आजी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस या घराच्या स्वयंपाकघरात एक प्रश्न उभा राहिला. वरवर पाहता तो केकचा होता.

इमारतीतील मुलांनी ३१ तारखेला हॅलोविन साजरा करण्याचे ठरवले आणि केकची जबाबदारी नातीने आपणहून अंगावर घेतली. ‘आमची आजी अंड्याशिवाय केक करते’ हे तिने अभिमानाने साऱ्यांना सांगून ठेवले होते. मोबाइलवर तिने आजीला नमुने दाखवले: कोळ्याच्या जाळ्यांचे केक, कवटीचे केक, आणि तिला सर्वांत आवडलेला, तुटलेल्या बोटांचा. बोटांना बदामाची नखे आणि तळाशी लाल पाकाचे थारोळे.

आजी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “भुताला माझी हरकत नाही गं. या बोटांना आहे.”

हॅलोविन म्हणजे १ नोव्हेंबरच्या, ख्रिस्ती संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ. तिची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडकडील, हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या जुन्या केल्टिक सणात असल्याचे मानले जाते. तेथे सलगमावर भेसूर चेहरे कोरून आत दिवा ठेवीत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, तेथे भोपळा मुबलक मिळाला आणि सलगम मागे पडला. नातीने ही माहिती वाचून दाखवताच आजी हसल्या. “म्हणजे त्यांनी कंदमूळ सोडलं! बरं केलं.”

बोटांचा प्रश्न मात्र हसण्यावारी जाणारा नव्हता. आजींनी नातीला जवळ बसवून यशोधर राजाची गोष्ट सांगितली. उज्जयिनीच्या या राजाला दुःस्वप्न पडले. त्याच्या आईने, चंद्रमतीने, अरिष्ट टळावे म्हणून पशुबळी देण्याचा आग्रह धरला. राजाने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला. शेवटी तडजोड निघाली आणि पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला गेला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरीही मायलेकांना अनेक जन्म पशुयोनीत भटकावे लागले, कारण हात पिठावर चालला असला तरी मनातला भाव मारण्याचाच होता. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये, ‘यशस्तिलक’ लिहिले ते याच कथेवर. पुष्पदंताचे अपभ्रंशातील ‘जसहरचरिउ’ही याच राजाचे, डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले ते काव्य १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले.

नात व्यापाऱ्याच्या घरातली. तिने हिशेब तपासला. “पण आजी, राजाला खरंच बळी द्यायचा होता. आम्ही तर नुसतं खेळणार आहोत. आणि खालच्या मजल्यावरचे नरकचतुर्दशीला पायाखाली कारीट फोडतात, ते?”

आजींना लगेच उत्तर सुचले नाही, आणि त्यांनी तसे भासवलेही नाही. “दुसऱ्याच्या वहीतली बेरीज आपण करू नये,” त्या म्हणाल्या. “तुला पाप लागेल असं मी म्हणत नाही. पण माणसाचं बोट मिटक्या मारत खायची गंमत वाटायला लागली, की मन थोडं निबर होतं. मला त्याचीच भीती वाटते.”

“मग घाबरवायचंच नाही?”

“घाबरवायचं की! पण कापायचं नाही.”

सून इतका वेळ ऐकत होती. तिला वेगळीच काळजी होती: पोरीने मित्रमैत्रिणींत मान खाली घालू नये. तिनेच विचारले, “या इमारतीत भीती कशाची वाटते?” नात क्षणभरही थांबली नाही. “मागच्या जिन्याची!” तो लाकडी जिना, मधल्या मजल्यावरचा गेलेला दिवा आणि कायम बंद असलेली ती खोली. केक ठरला. भुताची चाळ!

साहित्याची यादी करताना खरी परीक्षा झाली. पाकिटावरचा हिरवा ठिपका जैन घराला पुरत नाही. त्यात मधही बसतो आणि बीटही. लाल रंगावर १२० हा क्रमांक असेल तर तो कोचिनील किड्यापासून काढलेला. चकचकीत गोळ्यांवर ९०४ असेल तर ती लाख. मऊ मार्शमेलोत बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांची कातडी आणि हाडे. लोणी वर्ज्य म्हणून बटरऐवजी तूप आले. लाल रंग डाळिंबाच्या रसाने दिला, पिवळा केशराने, काळा कोकोने.

अष्टान्हिका पर्व सुरू असल्याने आजींचे एकाशन होते, म्हणून भट्टी सकाळीच लागली. दोन वाट्या मैदा चाळून त्यात कोको, बेकिंग पावडर आणि थोडा सोडा; दुसऱ्या पातेल्यात ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १०० ग्रॅम पातळ तूप, दूध आणि घरचे ताजे दही. अंड्याच्या फेसामुळे केक फुलतो. येथे ते काम दह्याची आंबटाई आणि सोडा मिळून करतात. त्यांच्या संयोगाने वायू सुटतो, म्हणून मिश्रण एकत्र केल्यावर रेंगाळून चालत नाही.

एक मोठा केक भाजला असता तर शेवटी सुरी आलीच असती. आजींनी लहान चौकोनी साच्यांत वीस तुकडे भाजले. तुकडा म्हणजे खोली. साय आणि डार्क चॉकलेटच्या लेपाने खोल्या एकमेकींना चिकटवल्या. चॉकलेटच्या पट्ट्यांचे कठडे झाले, पिठीसाखरेच्या रेघांची जाळी कोपऱ्यात लटकली. खिडक्या केशरी पिवळ्या, एकच लाल. आणि मधल्या मजल्यावर एक दार पूर्ण काळे, अर्धवट उघडे. त्यामागे काय आहे ते दाखवले नव्हते.

वेळेचा पेच उरला होता. मुलांनी साडेसात ठरवले होते आणि त्या दिवशी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळणार होता. नातीने घरोघर जाऊन भुतांना साडेचार वाजता बोलावले. खोलीचे पडदे ओढून अंधार केला गेला, मेणबत्तीऐवजी टॉर्च लागला आणि काळ्या दारावर उजेड पडताच दोन धाकटी मुले खरोखरच किंचाळली. “आत कोण आहे?” असे एकाने हळूच विचारले. कोणीच उत्तर दिले नाही, तेव्हा भीती आणखी वाढली. मग आजींनी पडदे सारले. खायचे ते उजेडात, पाहून खायचे. उन्हात आलेल्या त्या चाळीतून प्रत्येकाने आपापली खोली हाताने उचलून घेतली. “रक्त कुठे आहे?” असे विचारणारा एक मोठा मुलगा होता, त्याने दोन खोल्या खाल्ल्या.

आजींच्या वाट्याची खोली मात्र या चाळीत नव्हतीच. सकाळी अकरा वाजता, लेप लावण्याआधी, नातीने साच्यातून निघालेला पहिला तुकडा त्यांच्या एकाशनाच्या ताटात आणून ठेवला होता. एकोणीस खोल्यांची चाळ उभी राहिली ती त्यानंतर.