ॲडिशन

गणपतीचे दहा दिवस आमच्या ऑर्केस्ट्राला फुरसत नसे. सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, रोज नवं मंडळ. मध्यरात्र उलटली, बायका पोरांना खांद्यावर टाकून उठल्या, की पुढून फर्माईश यायची ‘जुम्मा चुम्मा दे दे’ची. 1991च्या ‘हम’मधलं गाणं. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आवाज सुदेश भोसले आणि कविता कृष्णमूर्ती यांचे. पडद्यावर अमिताभ आणि त्याच्यामागे गोदी कामगारांचा जमाव किमी काटकरकडे मुका मागतो, तिच्यावर पाण्याचा फवारा सोडतो. गोम अशी, की तिनं आधी मुक्याचं वचन दिलेलं असतं आणि हे वसुलीला आलेले असतात. एकदा शब्द दिला की देणं झालं. मन बदलायची सोय नाही.

कविताबाईंचा भाग माझ्याकडे. आमचा गायक माइक प्रेक्षकांकडे वळवायचा आणि अख्खं मैदान माझ्याकडे मुका मागायचं. मी मान उडवायची, पदर सावरायची, पुढची ओळ घ्यायची. वन्समोअर ठरलेला. खोटं कशाला सांगू, तो मला हवासा वाटायचा.

1992च्या गणपतीत एक जण दहाची नोट घेऊन स्टेजवर चढला. असे बरेच यायचे, नोट ठेवून नाचत उतरायचे. यानं मनगट धरलं ते सोडेना. दोन बांगड्या फुटल्या. वाद्यं कुणी थांबवली नाहीत. कार्यकर्त्यांनी त्याला खाली नेलं, तेही हसत, पाठीवर थाप मारत. मी अंतरा पुरा केला. परतताना गाडीत कुणी विषय काढला नाही. मीही नाही.

परवा माळ्यावर त्या रात्रीची कॅसेट सापडली. साउंडवाल्यानं भरून दिलेली. चालू टेपरेकॉर्डर आता फक्त आमच्या ऑक्टोपॅडवाल्याकडे, म्हणून त्याच्या घरी गेले. साठी उलटली तरी मला ताईच म्हणतो.

टेपमध्ये सगळं आहे. ‘नको. हात सोड. सोड!’ माइक तोंडाशी होता, त्यामुळे अगदी स्वच्छ. अंगावर काटा आला, पण त्या माणसामुळे नव्हे. शेवटचं ‘सोड’ मी चक्क सुरात म्हटलंय, नेमकं समेवर. पाठोपाठ ऑक्टोपॅडचा झकास रोल, मग शिट्ट्या.

मला चावटपणाचं वावडं नाही. तमाशातल्या गवळणीत कृष्ण नि पेंद्या वाट अडवतातच की. पण तिथं मावशी पेंद्याला असं फैलावर घेते, की लोक तिच्या बाजूनं हसतात. (ती मावशी पुरुष असते, हे वेगळं.) आमच्या गाण्यात बाईच्या ‘नाही’ला होकार लांबवण्यापलीकडे कामच नव्हतं. मग त्या रात्री माझं ‘नाही’ खरं आहे, हे कुणाला कसं कळावं?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आईशप्पथ ताई, मला वाटलं तुम्ही ॲडिशन घेतली. म्हणून रोल दिला.”

त्यानं कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. ऐकता ऐकता त्याची बोटं सवयीनं टेबलावर चालू लागली आणि त्या जागेशी येऊन थांबली. टेपमधला रोल तेवढा वाजून गेला.